चित्रांचे वैद्य

अजिंठ्याच्या डोंगरात वाघूर नदीने घोड्याच्या नालासारखे एक वळण घेतले आहे. छत्रपती संभाजीनगरपासून सुमारे १०० किलोमीटरांवर असलेल्या या वळणाच्या उभ्या कड्यात बौद्ध भिक्षूंसाठी खोदलेली सुमारे ३० लेणी आहेत. त्यांतील काही इसवी सनापूर्वीची असून बहुतेक इसवी सनाच्या पाचव्या शतकात, वाकाटक राजांच्या काळात कोरली गेली. पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात हाती कमळ घेतलेला पद्मपाणी डोळे किंचित झुकवून उभा आहे. सतराव्या लेण्याच्या भिंतींवर बुद्धाच्या पूर्वजन्मींच्या कथा रंगविल्या आहेत. ही चित्रे पाहावयास देशोदेशीचे लोक येतात आणि मुग्ध होऊन परत जातात. परंतु ही चित्रे आजारी आहेत आणि गेली शंभरांहून अधिक वर्षे त्यांच्यावर उपचार चालू आहेत, ही गोष्ट फारच थोड्या प्रेक्षकांना ठाऊक असते.

रोग समजून घ्यावयाचा तर आधी रोग्याचे शरीर समजले पाहिजे. अजिंठ्याच्या कारागिरांनी लेण्याची भिंत मुद्दाम खडबडीत ठेवली आणि तिच्यावर मातीचा गिलावा केला. माती तडकू नये व भिंतीला धरून राहावी, म्हणून त्यांनी तीत भाताचे तूस, गवताचे तंतू आणि दगडाचा बारीक चुरा मिसळला. त्यावर चुन्याचा पातळ व गुळगुळीत थर दिला. तो वाळल्यावर चिकट द्रवात कालवलेल्या रंगांनी चित्रे काढली. तांबडा रंग गेरूचा, पिवळा पिवडीचा, हिरवा हिरव्या मातीचा आणि काळा काजळीचा. निळ्या रंगासाठी मात्र त्यांनी लाजवर्द नावाच्या मौल्यवान दगडाची पूड वापरली. तो दगड थेट अफगाणिस्तानातून आणावा लागे. अशा प्रकारे दगडावर माती, मातीवर चुना आणि चुन्यावर रंग, असे या चित्रांचे शरीर घडले आहे. यांतील एका थराने दुसऱ्याला सोडले, की चित्र कोसळलेच म्हणून समजावे.

या शरीराला अनेक व्याधी जडल्या. पावसाळ्यात खडकातील भेगांमधून पाणी झिरपते. त्यामुळे माती फुगते आणि उन्हाळ्यात ती पुन्हा आकसते. शतकानुशतके असे घडत राहिल्याने गिलावा भिंतीपासून सुटू लागला. मातीतील तूस व तंतू हे कीटकांचे खाद्य ठरले. वटवाघळांनी विष्ठेने भिंती डागाळल्या. लेण्यांच्या आश्रयाला आलेल्या लोकांनी पेटविलेल्या विस्तवाचा धूर छतावर बसला. १८१९ साली जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी शिकारीच्या निमित्ताने येथे आला आणि या लेण्यांची वार्ता बाहेरच्या जगाला कळली. त्याने दहाव्या लेण्यातील चित्रावरच आपले नाव कोरून ठेवले! दीर्घकाळ एकांतात राहिलेल्या चित्रांना माणसाच्या संगतीत काय भोगावे लागणार, याची ती जणू सूचनाच होती.

वार्ता पसरली, तसे चित्रांच्या नकला करून घेण्याचे प्रयत्न सुरू झाले. १८४४ पासून रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याने येथे अनेक वर्षे राहून मोठमोठ्या प्रतिकृती तयार केल्या. त्यांतील बहुतेक १८६६ साली लंडनमधील क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत जळून गेल्या. पुढे मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ ते १८८५ या काळात आपल्या विद्यार्थ्यांसह हे काम पुन्हा केले. जुन्या चित्रांवर धूळ व काजळी असल्यामुळे रेषा नीट दिसत नसत. त्या स्पष्ट दिसाव्यात, म्हणून काही ठिकाणी चित्रांवर रोगणाचा हात देण्यात आला. रोगण लावताच रंग ओल्या दगडासारखे उजळले आणि नक्कल करणे सोपे झाले. परंतु काही काळाने तेच रोगण पिवळे पडून चित्रावर पडद्यासारखे चिकटून राहिले. ग्रिफिथ्स यांच्याही बऱ्याच नकला १८८५ मध्ये लंडनला लागलेल्या दुसऱ्या एका आगीत नष्ट झाल्या. तथापि या कामातून पुढे त्यांचा अजिंठ्यावरील दोन खंडांचा ग्रंथ निघाला आणि मूळ भिंतीवरून पुढे नाहीशा झालेल्या कित्येक आकृती आज केवळ अशा नकलांमुळेच कळतात. एकाच माणसाच्या हातून चित्रांचे नुकसानही झाले आणि त्यांची स्मृतीही राखली गेली.

अजिंठा त्या काळी हैदराबादच्या निजामाच्या राज्यात होते. १९१४ साली त्या राज्याने पुरातत्त्व खाते स्थापन केले व गुलाम याझदानी हे त्याचे प्रमुख झाले. त्यांच्यापुढे मोठा पेच उभा राहिला. भिंतीला जरा टिचकी मारली, तर अनेक ठिकाणी पोकळ आवाज येत असे. आत गिलावा सुटलेला होता. काहीच केले नाही, तर एखाद्या पावसाळ्यानंतर चित्राचा तुकडा जमिनीवर पडून चुरा झालेला सापडणार, हे उघड होते. उपाय करावा, तर तो उपायच अपायकारक ठरण्याची भीती होती. रोग्याच्या उशाशी बसलेल्या वैद्यापुढे जो प्रश्न असतो, तोच हा प्रश्न होता: औषध देण्यात धोका अधिक, की न देण्यात?

अखेर इटली देशातून जुन्या भित्तिचित्रांची डागडुजी जाणणारे दोन तज्ज्ञ बोलावण्यात आले. त्यांची नावे लोरेन्झो चेक्कोनी व ओर्सिनी. १९२० ते १९२२ या काळात त्यांनी अजिंठ्यात काम केले. त्यांनी सुटलेला गिलावा पुन्हा भिंतीला चिकटविला आणि तुटक्या कडा बांधून घेतल्या. जी चित्रे खाली येण्याच्या बेतात होती, ती अशा रीतीने भिंतीवर टिकून राहिली. हा त्या उपचाराचा निःसंशय लाभ होय. मात्र रंग सुटू नयेत म्हणून त्यांनी चित्रांवर आणखी एक उपाय केला. लाकडी सामानाला चकाकी आणण्यासाठी सुतार जी लाख मद्यार्कात विरघळवून वापरतात, तिचा लेप त्यांनी चित्रांवर दिला.

लाखेचा लेप ताजा असताना पारदर्शक असतो. तो रंग धरून ठेवतो आणि त्याला तजेला आणतो. त्या दिवसांत ज्यांनी ती चित्रे पाहिली, त्यांना हा उपाय सर्वस्वी गुणकारी वाटला असल्यास नवल नाही. परंतु लाख जुनी होते, तशी ती काळवंडते, धूळ धरते आणि कडक होते. कडक झालेला लेप आकसताना खालच्या रंगाचे पापुद्रे ओढून काढतो. शिवाय ताजी लाख मद्यार्कात सहज विरघळते, तशी जुनी विरघळत नाही. काही दशकांत अजिंठ्याच्या चित्रांवर पिवळसर तपकिरी झाक चढली. निळ्या व हिरव्या छटा तिच्याखाली बुडाल्या. रंग राखण्यासाठी दिलेले कवचच रंगांना झाकू लागले. करावयास गेले गणपती आणि झाला मारुती, अशी स्थिती झाली.

म्हणून त्या तज्ज्ञांना दोष द्यावा काय? न्यायबुद्धीने विचार केला, तर उत्तर इतके सोपे नाही. त्यांनी हात लावला नसता, तर काळवंडलेली चित्रे तरी आज उरली असती की नाही, याची शंका आहे. त्यांचे कौशल्य व हेतू यांतही उणे नव्हते. चूक झाली ती अशी, की ज्या पदार्थाचा दूरवरचा परिणाम कळलेला नव्हता, तो पुष्कळ चित्रांवर एकदमच लावण्यात आला. आणि तो पुढे काढावयाचा झाल्यास कसा काढता येईल, याचा पुरेसा विचार आधी झाला नाही.

लाभ आणि धोका यांचा असाच तोल माणसांच्या वैद्यकात पदोपदी सांभाळावा लागतो. त्याचे एक संस्मरणीय उदाहरण महाराष्ट्रातच घडले. १८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली आणि घरेच्या घरे ओस पडू लागली. त्या वेळी वाल्देमार हाफकिन हे शास्त्रज्ञ मुंबईच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात एका लहानशा प्रयोगशाळेत प्लेगवरील लस शोधू लागले. त्यांनी प्लेगचे जंतू वाढवून ते उष्णतेने मारले व त्यांपासून लस तयार केली. ही लस माणसाला सोसेल की नाही, हे कोणालाच सांगता येत नव्हते. तेव्हा १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्यांना ताप आला, वेदना झाल्या. पण ते बरे झाले. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तेथील जे कैदी पुढे आले, त्यांना लस टोचण्यात आली. उरलेल्यांना टोचली नाही. दोन्ही गटांची तुलना करता लस घेतलेल्यांमध्ये रोगाचे प्रमाण पुष्कळच कमी आढळले. तेव्हा कोठे ती हजारो लोकांना देण्याचे धाडस करण्यात आले.

पण कथा येथे संपत नाही. १९०२ साली पंजाबातील मुल्कोवाल या गावी, जे आता पाकिस्तानात आहे, लस घेतलेल्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते दगावले. हे सर्व जण एकाच बाटलीतील लस टोचलेले होते. हाफकिन यांच्यावर ठपका आला आणि त्यांना आपल्या पदापासून दूर व्हावे लागले. पुढे अनेक शास्त्रज्ञांनी पुरावा तपासून दाखविले, की लस मुळात दूषित नव्हती. ती बाटली गावात उघडताना दूषित झाली असली पाहिजे. १९०७ साली हाफकिन दोषमुक्त झाले. १९२५ साली परळ येथील त्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव देण्यात आले. तीच आजची हाफकिन संस्था होय. उत्तम औषधसुद्धा निष्काळजी हातात विष ठरू शकते, आणि १९ माणसांचे मरण डोळ्यांआड करता येत नाही, तसेच त्यावरून असंख्य प्राण वाचविणाऱ्या लसीला टाकूनही देता येत नाही, हा या घटनेचा बोध आहे.

आज कोणतेही नवे औषध थेट सर्वांना दिले जात नाही. ते आधी प्रयोगशाळेत व प्राण्यांवर तपासतात. मग थोड्या माणसांना देतात, मग अधिक जणांना, आणि प्रत्येक पायरीवर परिणामांची नोंद ठेवतात. ज्याच्यावर प्रयोग करावयाचा, त्याला धोका समजावून सांगून त्याची संमती घ्यावी लागते. तुरुंगातील माणसांवर अशी चाचणी आज सहजासहजी करता येत नाही. कारण जो परस्वाधीन आहे, त्याचा होकार मोकळ्या मनाचा असेलच असे नाही. रोग जितका भयंकर, तितका अधिक धोका पत्करणे योग्य ठरते. प्लेगपासून जीव वाचणार असेल, तर दोन दिवसांचा ताप कोणीही सोसेल. साध्या पडशासाठी तेवढा ताप कोण सोसील?

चित्रांच्या वैद्यापुढे मात्र दोन अडचणी अधिक असतात. पहिली ही, की चित्र बोलत नाही. कोठे दुखते, हे ते सांगत नाही आणि उपचाराला संमतीही देत नाही. त्याच्या वतीने माणसांनाच विचार करावा लागतो. आणि ही माणसे केवळ आजची नव्हेत, तर पुढे जन्माला येणारीही असतात. दुसरी अडचण काळाची आहे. लसीने ताप येणार असेल, तर तो एक-दोन दिवसांत येतो. लाखेचा दोष दिसावयास कित्येक वर्षे लागली. लहानशा कोपऱ्यावर लेप लावून महिनाभर वाट पाहिली असती, तरी तो कोपरा स्वच्छ व सुंदरच दिसला असता. जो अपाय उद्या दिसणार, तो चाचणीने कळतो. जो अपाय तीस वर्षांनी दिसणार, तो चाचणीने कळत नाही. मग त्याच्यापासून रक्षण कसे करावयाचे?

या प्रश्नाचे उत्तर अनुभवाने मिळाले. १९५३ पासून अजिंठ्याच्या लेण्यांची व्यवस्था भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आली. या खात्याच्या रसायनशास्त्रज्ञांनी लाखेचे जुने थर उतरविण्याचे काम हाती घेतले. लाख विरघळेल पण खालचा रंग विरघळणार नाही, असे द्रव त्यांना शोधावे लागले. हे काम बोटभर जागेवर आरंभावे लागते. कापसाचा बोळा द्रवात भिजवून तो हलकेच टेकवायचा, बोळ्याला केवळ तपकिरी लाखच लागते की रंगही उतरतो, हे पाहावयाचे आणि मगच पुढे सरकावयाचे. रंग उतरतो आहे असे दिसताच हात थांबवावा लागतो. रंगांच्या रक्षणासाठी लाखेऐवजी पॉलीव्हिनाइल ॲसिटेट या नव्या पदार्थाचा पातळ लेप देण्यात येऊ लागला. तो पारदर्शक असतो आणि द्रवाने काढता येतो. परंतु तोही निर्दोष नाही. उष्ण हवेत तो मऊ पडतो आणि धूळ धरतो. म्हणून त्यावरही विसंबून राहता येत नाही. दुधाने तोंड पोळले, की ताकही फुंकून प्यावे लागते.

या दीर्घ अनुभवातून चित्रांच्या वैद्यांनी आपल्यासाठी काही नियम घालून घेतले आहेत. पहिला नियम: जो उपाय पुढे काढून टाकता येणार नाही, तो होता होईल तो करू नये. आजचे ज्ञान अपुरे ठरले, तर उद्याच्या माणसाला ते सुधारता आले पाहिजे. तीस वर्षांनी दिसणाऱ्या अपायावर हाच खरा उतारा आहे. दुसरा नियम: जेवढे अवश्य, तेवढेच करावे. गिलावा पडत असेल, तर तो धरून ठेवावा; परंतु केवळ चित्र अधिक चमकदार दिसावे, म्हणून त्याला हात लावू नये. तिसरा नियम: केलेल्या प्रत्येक गोष्टीची नोंद ठेवावी आणि उपचारापूर्वीची व नंतरची छायाचित्रे घ्यावीत. याझदानी यांनी १९३० ते १९५५ या काळात अजिंठ्याच्या चित्रांचे चार भागांत प्रकाशन केले. त्या काळी भिंतीवर काय होते, याचा तो मोठाच पुरावा आहे.

चौथा नियम सर्वांत अवघड आहे: जे गेले, ते गेले असे मान्य करावे. एखाद्या कुशल चित्रकाराला पुसलेला हात किंवा मुकुट हुबेहूब रंगविता येईल. पाहणाऱ्यांनाही तो आवडेल. पण मग दीड हजार वर्षांपूर्वीची रेषा कोणती आणि कालची कोणती, हे पुढे कोणालाच कळणार नाही. म्हणून जेथे चित्र नाहीसे झाले आहे, तेथे साध्या रंगाचा गिलावा भरून ती जागा तशीच सोडून देतात. अजिंठ्याच्या भिंतींवर असे मूक ठिगळ जागोजागी दिसतात. ते आळसाचे नव्हेत, तर प्रामाणिकपणाचे चिन्ह होय.

या वैद्यांचे काम रसायनांनीच संपत नाही. जी माणसे चित्रांवर प्रेम करतात, तीच त्यांच्या आजाराचे एक कारण असतात. गर्दीच्या दिवशी लेण्यात शिरलेल्या प्रत्येकाच्या श्वासातून बाष्प बाहेर पडते, अंगाची ऊब हवेत मिसळते, पायांबरोबर धूळ आत येते. त्याने गिलावा ओलावतो, मग पुन्हा कोरडा होतो, आणि त्याचा सैलपणा वाढतो. सर्वांना बाहेरच ठेवले, तर चित्रे कदाचित अधिक टिकतील. पण मग ती टिकवावयाची कोणासाठी? सर्वांना मनास येईल तसे आत सोडले, तर पुढच्या पिढ्यांसाठी काही उरणार नाही. म्हणून येथेही तोल साधावा लागतो. मोटारी फर्दापूरच्या बाजूला दूरच थांबवितात, पादत्राणे बाहेर काढावयास लावतात, एका वेळी ठरावीक लोकांनाच आत घेतात, आणि झगझगीत दिव्याने छायाचित्र काढण्यास मनाई करतात. एखाद्या लेण्याच्या दारात ताटकळत उभे राहावे लागले, की कित्येकांना हा नियम जाचक वाटतो. वस्तुतः त्या थोड्या वेळापुरते तेही त्या आजारी चित्रांचे वैद्य झालेले असतात. त्यांनी धरलेला धीर हेच त्यांचे औषध होय.

स्वाध्याय

१. अजिंठ्याच्या चित्रांची घडण कशी आहे, ते क्रमाने सांगा. त्यांतील कोणता थर सुटल्यास चित्राला सर्वांत अधिक धोका आहे असे तुम्हांला वाटते?
२. लाखेच्या लेपापासून प्रथम कोणता लाभ झाला आणि पुढे कोणता अपाय झाला?
३. 'उपाय न करणे हाही एक निर्णयच आहे.' हे विधान याझदानी यांच्यापुढील पेचाच्या आधारे स्पष्ट करा.
४. हाफकिन यांची लस आणि चेक्कोनी यांचा लेप यांची तुलना करा. एकाचा दोष लवकर का कळला असता व दुसऱ्याचा उशिरा का कळला?
५. पद्मपाणीच्या चित्रातील पुसलेला भाग नव्याने रंगवावा की नाही? दोन्ही बाजूंनी विचार करून दहा ओळी लिहा.